बावीस पौंड हवा

तिसऱ्यांदा पडली तेव्हा ती लगेच उठलीच नाही. तसं फार लागलं नव्हतं. डावा कोपर सोलवटला होता, गुडघ्यावर माती आणि रक्ताचा चिखल झाला होता, आणि सायकल बाजूला आडवी पडून पुढचं चाक हवेत फिरत होतं. हाडं जागच्या जागी आहेत हे तिने पडल्यापडल्याच चाचपून घेतलं. तरी ती पाचोळ्यात बसून राहिली, कारण मागून येणाऱ्या सायकलींचा आवाज तिला ऐकू येत होता आणि पुढचं सगळं तिला पाठ झालं होतं. आता मंडळी थांबणार, लागलं का म्हणून विचारणार, आणि मग टायरवर बोलायला लागणार.

तसंच झालं.

"पुढचा टायर," वकील म्हणाले. सायकलवरून उतरलेही नाहीत, एक पाय जमिनीला टेकवून उभे राहिले. "मी मागच्या रविवारीच म्हटलं होतं. त्याच्यावरचे रबरी दाणे बारीक आहेत. या मातीत बारीक दाणे म्हणजे स्लिपर घालून डोंगर चढायला निघण्यासारखं आहे."

"पुढचा नाही हो, मागचा," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी बाटलीतलं पाणी तिच्या कोपरावर ओतायला सुरुवात केली होती. "मागचं चाक आधी सरकलं. मी बरोबर मागे होते. त्या मुळावरून निसटलं."

"तुम्हाला सगळीकडे मुळंच दिसतात."

"माझा धंदाच तो आहे. पण हा टायर कडक आहे, एवढं मी सांगते. हात लावून बघा, दगड आहे नुसता."

सुतारकाका थांबले, तिच्याकडे बघून मान हलवली, "अजून रुंद पाहिजे" म्हणाले आणि निघून गेले. काका साठीचे होते आणि क्लबात सगळ्यांत वेगात जात. त्यामुळे त्यांचे तीन शब्द बाकीच्यांच्या तीनशे शब्दांवर भारी पडायचे.

ती उठली, सायकल उभी केली, हँडल सरळ केलं आणि पुढे निघाली. पडल्याचा राग तर होताच, पण त्याहून मोठा राग होता तो कशामुळे पडलो हे न कळल्याचा.

ज्या वळणावर ती पडत होती त्याला क्लबातले लोक 'वस्तरा' म्हणायचे. जंगलातली वाट तिथे उताराला लागून एकदम डावीकडे वळायची. खाली टणक माती, तिच्यावर बारीक खडीचा थर, आणि ऐन वळणात झाडाची दोन मुळं आडवी. क्लबातल्या प्रत्येकाच्या गुडघ्याची निदान एकदा तरी त्या वळणाने हजामत केलेली होती. पण एकदाच. नंतर ते शिकले. ती मात्र शिकूनही पडत होती.

तिचं वय सत्तेचाळीस. नोकरी मापं तपासण्याच्या प्रयोगशाळेत. कारखान्यांच्या बॉयलरवरची दाब मोजणारी गेजं, दुकानांमधले तराजू, दवाखान्यांतले तापमापक असं सगळं तिच्या टेबलावर यायचं. प्रयोगशाळेतल्या प्रमाण यंत्राशी ते ताडून बघायचं, किती चुकतंय ते लिहायचं आणि खाली सही करायची, हे ती बावीस-तेवीस वर्षं करत आली होती. म्हणून क्लबात आल्याच्या पहिल्याच महिन्यात वकिलांनी तिचं नाव 'काटेताई' ठेवलं. सायकलवाल्यांमध्ये काटा म्हणजे पंक्चर, त्यामुळे या नावावर रोज कोणी ना कोणी विनोद करायचंच. तीही हसायची. सुरुवातीला.

क्लबात येऊन तिला वर्ष होत आलं होतं. पाठीचं दुखणं जावं म्हणून कोणीतरी सांगितलं आणि ती सायकलवर बसली, पण पाठ बरी झाल्यावरही उतरली नाही. जंगलात शिरल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी डोक्यातले सगळे आकडे बंद व्हायचे, ते तिला फार आवडायचं. म्हणूनच तिने ठरवून टाकलं होतं की कामाची सवय इथे आणायची नाही. इथे आपण नवखे, जाणती माणसं सांगतील ते ऐकायचं. तिची घोडचूक झाली ती इथेच.

कारण जाणती माणसं खूप होती, आणि कोणाचंच कोणाशी जमत नव्हतं.

पहिल्यांदा पडली तेव्हा ती खरोखरच नवखी होती. वळणात ब्रेक दाबला, मनगट मुरगळलं, विषय संपला. वकिलांनी मात्र निकाल दिला की सायकलबरोबर आलेला टायर कुचकामी आहे. त्यांनी सांगितलेला टायर तिने घेतला. शनिवारी संध्याकाळी सायकलच्या दुकानातल्या मिस्त्रीने तो ट्यूबशिवायच बसवला, आत सीलंट म्हणजे बारीक भोकं बुजवणारा पांढरा चीक ओतला, पंपाचा काटा बघून बावीस पौंड हवा भरली आणि म्हणाला, "तुमच्या वजनाला एवढी बास. जंगलात हवा कमीच हवी ताई, टायरने जमीन धरली पाहिजे." दुकानामागच्या कच्च्या गल्लीत तिने चक्कर मारली. टायर गादीसारखा वाटला. रविवारी जंगलात नेला तर तोच टायर खडीवर उड्या मारायला लागला, आणि वस्तऱ्यावर ती दुसऱ्यांदा आडवी झाली.

"दाणे जास्तच उंच झाले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जमिनीला टेकतच नाहीत." मग त्यांच्या मताचा टायर आला. तो शनिवारी मऊ आणि रविवारी टणक. पडली नाही, पण प्रत्येक वळणाला पाय टेकवत, म्हातारीने जिना उतरावा तशी उतरली. मग सुतारकाकांचा रुंद टायर आला, आणि त्याच्यावर ती तिसऱ्यांदा पडली. शनिवारी तो किती छान वाटला होता हे ती सांगायला गेली तर वकील म्हणाले, "गल्लीत सगळेच टायर चांगले असतात, काटेताई."

तिने इंटरनेटवर वाचायला सुरुवात केली. तिथे तर जत्रा भरली होती. एकाच टायरबद्दल एक लिहायचा की ओल्या मातीत याच्यासारखा दुसरा नाही, आणि त्याच्याच खाली दुसरा लिहायचा की ओल्या मातीत याच्यासारखा घातकी टायर जन्मात बघितला नाही. कोणाचं वजन किती, हवा किती, जमीन कसली, काही पत्ता नाही. तिच्या टेबलावर असा अहवाल आला असता तर तिने तो तसाच परत पाठवला असता. तरीही ती डब्याच्या सुट्टीत एका हाताने जेवत, दुसऱ्या हाताने ते वाचत राहायची, आणि घरी येताना रोज एक नवीन मत घेऊन यायची.

घरी नवरा होता. तो बस डेपोत टायर विभागात होता, सव्वीस वर्षं. बोलणं मोजकं. ती कपाळाला हात लावून टायरांबद्दल बोलत राहायची आणि तो भाजी चिरत ऐकत राहायचा. "वकील म्हणतात पुढचा, त्या म्हणतात मागचा," ती म्हणायची. तो नुसतं "हं" म्हणायचा. पडून आली की कोपराला मलम लावून द्यायचा, तेव्हाही "हं"च. सायकल सोड असं तो कधी म्हणाला नाही, याचं तिला बरंही वाटायचं आणि थोडी चीडही यायची. याला काहीच कसं वाटत नाही?

तिसऱ्या पडण्यानंतर दुकानात गेली तेव्हा मिस्त्री चौथ्या टायरचं नाव सांगायला लागला. त्याचं वाक्य तिने मधेच तोडलं.

"टायर राहू दे. तुझ्याकडे हवा मोजायचं हातातलं गेज आहे ना? ते मला आठवडाभर दे."

"पंपाला काटा आहे की, ताई."

"तो काटा खरं बोलतो हे कशावरून?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न आपण पहिल्यांदाच विचारतोय, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. दिवसभर ती दुसऱ्यांना हाच प्रश्न विचारायची.

त्या शनिवारी दुकानात तिने नेहमीसारखी आधीची हवा सोडून, पंपाच्या काट्यावर पुन्हा बावीस पौंड भरली. रविवारी सकाळी जंगलाच्या तोंडाशी, बाकीचे हेल्मेटचे पट्टे आवळत असताना, तिने गेज लावलं. काटा सेहेचाळीसवर जाऊन थांबला. तिने काढून पुन्हा लावलं. सेहेचाळीस. मागच्या चाकाला सत्तेचाळीस.

"गेज बिघडलंय," वकील वाकून बघत म्हणाले. तिलाही तेच वाटलं. त्या दिवशी ती वस्तऱ्याच्या अलीकडेच उतरली आणि सायकल हातात धरून पलीकडे गेली.

सोमवारी कामाची यादी सुरू करण्याआधी तिने ते गेज प्रमाण यंत्रावर चढवलं. या यंत्रात मोजलेली वजनं ठेवून नेमका दाब तयार करता येतो, त्यामुळे गेज किती खोटं बोलतंय ते लगेच कळतं. दहा पौंड, वीस, तीस, चाळीस. चढताना एकदा, उतरताना एकदा. फरक अर्ध्या पौंडाचा. इतक्या स्वस्तातलं गेज इतकं सरळ वागताना तिने क्वचितच पाहिलं होतं. संध्याकाळी तेच गेज घेऊन ती दुकानात गेली आणि मिस्त्रीचा पंप तपासला. तो दोन पौंड कमी दाखवत होता. म्हणजे शनिवारी टायरमध्ये बावीसच्या जागी फार तर चोवीस पौंड हवा होती, आणि रविवारी सकाळी सेहेचाळीस.

बसस्टॉपवर उभ्या उभ्या ती हिशेब मांडत राहिली. टायरमधली हवा आपोआप कमी होते, आपोआप वाढत नाही. उन्हाने तापली तर पौंड-दोन पौंड वाढेल. एका रात्रीत दुप्पट व्हायला टायर भट्टीत ठेवायला हवा होता. सायकल असते घरामागच्या पडवीत. पडवीला आतून कडी. घरात माणसं दोन.

बस आली आणि गेली. ती तिथेच उभी राहिली.

पुढच्या शनिवारी तिने दुकानात गेजने मोजून हवा भरली आणि घरी आल्यावर पडवीत पुन्हा गेज लावून बघितलं. बावीस आणि बावीस. कोणाला काही बोलली नाही. रविवारी पहाट होता होता तिला जाग आली, शेजारची जागा रिकामी होती. पडवीतून आवाज येत होता. फुस्स, फुस्स, फुस्स. ती अनवाणीच गेली आणि दारात उभी राहिली.

नवरा बनियनवर होता. डेपोतून मोडीत निघालेला जुना पायपंप त्याने पडवीत आणून ठेवला होता, तो दाबत होता. मग थांबला, पाना घेऊन टायरवर दोनदा हलकेच आपटला आणि कान देऊन आवाज ऐकला. समाधान झालं नाही. आणखी चार वेळा पंप दाबला, पुन्हा पाना आपटला. मग अंगठा दाबून बघितला आणि व्हॉल्व्हचं टोपण लावलं.

"काय करताय?" तिने विचारलं.

तो दचकला नाही. "हवा बघतोय."

"कधीपासून?"

"आत्ताच उठलो."

"ते नाही विचारत. किती रविवार करताय हे?"

त्याने खरंच आठवून बघितलं. "तू पहिल्यांदा पडलीस ना, मनगट मुरगळलं तुझं, तेव्हापासून. तू झोपली होतीस. मी सायकल बघितली, तर टायरमध्ये अंगठा जात होता. म्हटलं, या लोकांना साधी हवा बघता येत नाही आणि हे जंगलात जातात."

पडवीच्या पायरीवर ती बसली.

"मी तीन वेळा टायर बदलले," ती म्हणाली. "सहा महिने. माणसांची तोंडं बघितली. दिसेल त्याला विचारत फिरले. रोज तुमच्यासमोर बसून डोकं फोडून घेतलं. आणि तुम्ही भाजी चिरत होतात."

"मला कुठे विचारलंस?"

"काय?"

"वकिलाला विचारलंस. दातवाल्या बाईंना विचारलंस. सुताराला विचारलंस, मिस्त्रीला विचारलंस, त्या फोनमधल्या लोकांना विचारलंस. सव्वीस वर्षं मी टायरच करतोय. मला एकदा तरी विचारलंस?"

ती आणखीच चिडली. "तुम्ही तरी मला विचारलंत? माझ्या सायकलला हात लावताना?"

मग त्याने पंपाची नळी गुंडाळायला घेतली. नळी गुंडाळता गुंडाळता, तिच्याकडे न बघता, तो बोलला. कुबड्यांवर त्यांच्या लग्नाला आलेल्या त्या ड्रायव्हरबद्दल, ज्याला तीही ओळखत होती. त्याला अपघात झाला होता एवढंच तिला ठाऊक होतं. अपघाताच्या दिवशी सकाळी त्याच्या बसचे टायर बघायचं काम ज्याचं होतं त्याने लाथ मारून बघितलं आणि चिठ्ठीवर सही केली. नवरा तेव्हा नवीन होता. त्याला पुढच्या टायरचा आवाज बद्द वाटला होता. पण मोठ्या माणसाने सही केल्यावर मधे कसं बोलायचं, म्हणून तो गप्प राहिला. दुपारी तो टायर तापून फुटला.

"हवा कमी होती," तो म्हणाला. "बाकी काही नाही."

मग तिने उठून गेज आणलं आणि त्याच्या हातात दिलं. "लावा." त्याने लावलं. सेहेचाळीस. "डोळे झाकून, नुसत्या आवाजावर तुम्ही दर रविवारी सेहेचाळीसला आणता," ती म्हणाली. तिला त्याचं कौतुक करायचं नव्हतं, पण वाक्य तसं झालं. "पण ही बस नाही. माझं वजन बासष्ट किलो आहे आणि माझ्या सायकलमध्ये पन्नास माणसं बसत नाहीत. कपडे घाला. चला माझ्याबरोबर."

तो पहिल्यांदाच जंगलात आला. क्लबातल्या लोकांना तिने पुढे जायला सांगितलं आणि दोघं वस्तऱ्यापर्यंत गेली, ती सायकलवर, तो पायी. त्याने वाकून खडी हातात घेतली, मुळांवरून बूट घासून बघितला. तिने सेहेचाळीसवरच एक फेरी मारली. वळणात चाक खडीवरून घरंगळलं, आणि पाय टेकवला म्हणून ती वाचली. त्याचा चेहरा उतरला. मग तिने हवा सोडली, गेज लावून बावीसवर आणली, आणि पुन्हा वरून आली. टायरने खडी दाबली, मुळाला चिकटून वर चढला आणि उतरला. वळण संपलं तरी ती सायकलवरच होती. पुन्हा गेली. सहा वेळा गेली. सहाव्या वेळी तिने ब्रेकला हातच लावला नाही.

इतक्या महिन्यांचं ओझं उतरलं होतं, पण ती हसली नाही. तिला रडू येत होतं, आणि तेही रागाचंच होतं.

नवरा उताराच्या खालच्या भागात दगड बघत फिरत होता. परत येऊन म्हणाला, "वळणाला बावीस ठीक आहे. मी मानलं. पण खाली ते टोकदार दगड आहेत. तिथे जोरात आलीस तर टायर पूर्ण दबेल, रिम दगडावर बसेल आणि मधल्यामधे टायर कापला जाईल. चोवीस-पंचवीस ठेव."

"झालं तुमचं सुरू."

"मी फक्त सांगतोय."

"सगळे फक्त सांगतातच. बावीस. आता याच्यावर मला कोणाचंही मत नको."

तो "हं" म्हणाला.

क्लबात तिने झालेला प्रकार सांगितला, कारण सांगणं भाग होतं. तिला वाटलं होतं की आता तरी चर्चा थांबेल. वकील खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, "म्हणजे मी सांगितलेला टायर चांगलाच होता. फुकट बदनाम झाला." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते की कडक आहे, दगड आहे. कोणी ऐकलं का?" सुतारकाकांनी विचार करून सांगितलं, "रुंद होता म्हणून वाचलीस." हवेबद्दल कोणीच काही बोललं नाही. मग आपापली हवा किती यावर विषय निघाला, तर कळलं की यांच्यापैकी कोणीही कधी मोजलेलीच नव्हती. वकील अंगठ्याने बघायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बसल्यावर कळतं." तिने टेबलावरचा चहा तसाच ठेवला आणि घरी निघून आली.

महिनाअखेरीला जंगलातली बावीस किलोमीटरची शर्यत होती. पहिलं यायचं तिच्या मनात नव्हतं. दोन तासांच्या आत पूर्ण करायची, एकदाही पाय न टेकवता वस्तरा उतरायचा, एवढंच. आदल्या संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने हवा भरली, प्रयोगशाळेत तपासलेल्या गेजने मोजली. बावीस, आणि मागे तेवीस. नवऱ्याने पडवीत पाऊलही टाकलं नाही. उलट ती झोपायला गेली तेव्हा त्याने पडवीच्या आतल्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली तिच्या उशाशी आणून ठेवली.

शर्यत छान सुरू झाली. वस्तरा तिने असा उतरला की मागचा एक अनोळखी मुलगा "वा" म्हणाला. पंधराव्या किलोमीटरला ती वकिलांच्या पुढे गेली. घड्याळाप्रमाणे हातात अकरा मिनिटं शिल्लक होती, आणि त्याच आनंदात ती सतराव्या किलोमीटरच्या दगडी उतारावर नेहमीपेक्षा जोरात सुटली. खाली एक खट्ट आवाज आला, रिमचा. मग मागून पांढऱ्या सीलंटचा फवारा उडाला, तिच्या पाठीवर, पायांवर, आणि मागचं चाक पातेल्यासारखं खडखडायला लागलं.

टायर बाजूने फाटला होता. बोटाचं पेर आत जाईल एवढा. सीलंट भळाभळा वाहून गेलं. जवळ ट्यूब नव्हती; वकिलांच्या मते ट्यूबलेसवाल्याने ट्यूब बाळगणं हा भित्रेपणा होता, आणि तिने तेही ऐकलं होतं.

पाच किलोमीटर ती सायकल ढकलत पळाली आणि चालली. मागून येणारा जो तो काहीतरी सांगून जात होता. कोणी म्हणालं टायर पातळ आहे, कोणी म्हणालं अजून हवा कमी हवी होती, कोणी म्हणालं जास्त हवी होती. वकील जाताना म्हणाले, "कोणता टायर लावला होतात आज?" तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. बूट चावत होते. सीलंट पायांवर वाळून त्याची साल निघत होती. एका वळणावर तर सायकल इथेच झुडपात ढकलून द्यावी आणि मोकळ्या हाताने घरी जावं, असं तिला मनापासून वाटलं. दिली नाही, कारण हातातून सोडवेनाच.

दोन तास एकतीस मिनिटं. शेवटून तिसरी.

नवरा दोरीच्या पलीकडे तिची पिशवी धरून उभा होता. तिला पाणी दिलं, सायकल घेतली, उलटी करून ठेवली आणि गुडघ्यावर बसून फाटलेल्या जागेत बोट घालून बघायला लागला. आतून, बाहेरून. रिमवरचा पोचा बघितला.

"बोला," ती म्हणाली. "म्हणा, मी सांगितलं होतं."

"दगड वाईट होता," तो म्हणाला.

"खरं सांगा. पंचवीस असते तर वाचला असता?"

त्याने पुन्हा एकदा बोट फिरवलं. तिला बरं वाटावं म्हणून तो काही बोलेल की खरं तेच बोलेल, हे ती त्याच्या चेहऱ्यावर शोधत होती. असल्या गोष्टी ताडून बघायला तिच्या प्रयोगशाळेत यंत्र नव्हतं.

"असता कदाचित," तो म्हणाला. "पण तू ज्या जोराने आली असशील ते बघता, कदाचित नसताही."

कदाचित. तिच्या अहवालांमध्ये हा शब्द लिहायला परवानगीच नव्हती. ती गवतावर बसली, बूट काढले, मोजे काढले, आणि सोललेल्या टाचांकडे बघत राहिली. इतका आटापिटा करून शेवटी हाती कदाचित.

समोरून वकील आणि डॉक्टरीणबाई येताना दिसल्या. दोघांच्या हातात चहाचे कप होते आणि दोघं आधीपासूनच भांडत होती. तिने घाईघाईने बूट पुन्हा पायांत घातले, लेसही न बांधता उठली आणि सायकलचं हँडल धरलं.

"चला इथून. पुढच्या रविवारी सहाला त्या दगडी उतारावर जायचं. बावीसपासून सुरू करायचं आणि एकेक पौंड वाढवत बघायचं. पंप तुमचा घ्या."

"आणि गेज?"

"गेज माझ्या हातात राहील."

त्याने मागचं चाक उचलून धरलं, तिने पुढचं ढकललं, आणि दोघं गाडीतळाकडे चालू लागली. वाटेत तो म्हणाला की मागच्या टायरला अजून जरा जाड कापड असलेला प्रकार मिळतो का ते बघायला हवं. तिने मान वळवून त्याच्याकडे असं काही बघितलं की तो पुढचं वाक्य गिळून चालत राहिला.